राजू शेट्टी : लोकसभेने चळवळ वाढवली की खाल्ली?

कृष्णाकाठ
ऊसदरासाठी लढणारे स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे नेते राजू शेट्टी लोकसभेला उतरले, त्याने शेतकऱ्यांची चळवळ वाढली की संपली? आधी आकडे बघा. हातकणंगल्यात २००९ ला ९५ हजारांनी विजय, २०१४ ला महायुतीत राहून पावणेदोन लाखांवर मताधिक्य. २०१९ ला धैर्यशील मानेंकडून ९६ हजारांनी पराभव. २०२४ ला स्वबळावर लढले तर १ लाख ७९ हजार मतं आणि तिसरा नंबर. मतं जातात-येतात, पण २०१९ ला दोन्ही काँग्रेसशी जमवून सांगलीची जागा त्यांच्या स्वाभिमानी पक्षाच्या नावावर विशाल पाटलांना दिली. साखर कारखानदारीतलं घराणं! ज्यांच्या कारखान्याच्या वजनकाट्यावर नोव्हेंबरात उसाच्या ट्रॉल्या अडवायच्या, त्यांच्यासाठीच मेमध्ये मतं मोजायची? माझं मत स्पष्ट आहे: शेट्टींनी दिल्लीचा नाद करायलाच नको होता.

फडकरी
२००९ विसरलात. तेव्हा 'एक नोट, एक व्होट' म्हणून लोकांनी वर्गणीवर निवडून आणलं, कुठल्या कारखान्याच्या पैशावर नाही. खासदारकी नसती तर २०१८ मध्ये कर्जमुक्ती आणि हमीभावाच्या हक्काची दोन खासगी विधेयकं लोकसभेत कोणी मांडली असती?

कृष्णाकाठ
मांडली, पुढे काय? खासगी विधेयकाचा कायदा होणं किती दुर्मीळ, ते संसद बघणाऱ्या कुणालाही माहीत आहे. त्याच वर्षी जुलैत दूध आंदोलनाने काही दिवसांत सरकारला लिटरला पाच रुपये अनुदान द्यायला लावलं. ते रस्त्यावर मिळालं.

टनेज
रस्ता रस्ता करताय, तर तो चालतो कसा आणि कुठे अडकतो तेही सांगतो.

तोडलेला ऊस एका दिवसानंतर वजनात आणि उताऱ्यात (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीत) घटायला लागतो. गाळप थांबलं तरी कारखान्याचं व्याज, पगार चालूच. तोडणी टोळ्या टनावर काम करतात, त्या बसून राहिल्या की मुकादमही ओरडतो. म्हणून हंगामाच्या तोंडावरचे पहिले पंधरा-वीस दिवसच आंदोलनाच्या कामाचे. २०२३ ला नेमकं हेच केलं: जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत मागील हंगामाच्या उसाला टनाला आणखी ४०० रुपये मागितले आणि २३ नोव्हेंबरला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवला. तडजोड काय? ज्या कारखान्यांनी टनाला ३००० पेक्षा कमी दिले त्यांनी आणखी १००, जास्त दिले त्यांनी ५०.

डिसेंबर उजाडला की हिशोब उलटतो. एक-दोन एकरवाल्याला रान मोकळं करून गहू-हरभरा घ्यायचा असतो. खोडव्याला (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसाला) तुरे आले की जीव वर-खाली होतो. सीमेवरचा शेतकरी कर्नाटकातल्या कारखान्याला ऊस घालून मोकळा होतो. मग 'ऊस घालू नका' म्हणणारा कार्यकर्ता आणि गावातला शेतकरीच समोरासमोर येतात. इथे खासदार असला काय, नसला काय, काही फरक पडत नाही.

फडकरी
चारशे मागून पन्नास-शंभर, यालाच हार म्हणायचं का? शेतकऱ्यांच्या एका गटाने २००० टन घातले असतील तर शंभरच्या हिशोबाने दोन लाख झाले. आणि रस्त्याइतकंच कोर्टही लागतं. फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने एफआरपीचे (केंद्राने ठरवलेल्या किमान ऊसदराचे) दोन हप्ते केले होते: पुणे-नाशिक विभागात आधी १० टक्के उताऱ्याचे पैसे, बाकीचे हंगाम संपल्यावर. २०२४-२५ ला एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० आणि वरच्या प्रत्येक ०.१ ला ३.३२ रुपये. उतारा १२ पडला तर दहा आणि बारामधले टनाला ६६४ रुपये अडकतात. ऊस नियंत्रण आदेशात चौदा दिवसांत पैसे आणि उशिराला १५ टक्के व्याज असं लिहिलेलं असताना! मार्च २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय शेट्टींच्या याचिकेवर रद्द केला.

कृष्णाकाठ
तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. याचिका केली तेव्हा ते खासदार नव्हते.

शिरोळकर
दोघांचंही अर्धंच बरोबर. खरं नुकसान झालं ते माणसं टिकवता न आल्याने. सदाभाऊ खोत २०१६ ला राज्यमंत्री झाले, वर्षभरात संघटनेबाहेर. देवेंद्र भुयार २०१९ ला मोर्शीतून आमदार, तेही गेले. रविकांत तुपकर बुलढाण्यात २०२४ ला अपक्ष लढले. छोट्या पक्षाकडे देण्यासारखं एकच तिकीट असतं, ते नेत्याच्याच मतदारसंघात. मग ज्याला विदर्भात वाढायचंय तो थांबेल कशाला? त्यात चिन्ह दर वेळी वेगळं: २०१९ ला बॅट, २०२४ ला शिट्टी. मान्यताप्राप्त पक्ष नसल्याने मुक्त चिन्हांतूनच घ्यावं लागतं, आणि म्हातारी माणसं मागच्या वेळचंच शोधत बसतात.

कृष्णाकाठ
चिन्हामुळे तीन लाख मतं जात नाहीत हो. २०१९ ला ४ लाख ८९ हजार होती.

टनेज
ती सगळी त्यांची नव्हती, आघाडीचीही होती. २०२४ ला माने अवघ्या १३ हजारांनी आले, ठाकरे गटाचे सत्यजित पाटील दुसरे. महाविकास आघाडीने शेट्टींना पाठिंबा दिला असता तर निकाल उलटू शकला असता. पण मशाल चिन्हावर लढायला ते तयार नव्हते, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं. उद्या कारखान्यासमोर बसताना कुणाचा झेंडा लावला असता?