मदत हवी आहे: स्कायचं बेट एका दमात पळत पार करायचंय, वाट आपली आपणच शोधत

रानपाखरू

मंडळी नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलंय म्हणून लिहितेय. स्कॉटलंडच्या पश्चिमेला स्काय नावाचं डोंगराळ बेट आहे, तिथे उत्तर टोकापासून म्हणजे रुआ हुनिशपासून दक्षिणेत ब्रॉडफर्डपर्यंत स्काय ट्रेल जाते, १२८ किलोमीटर. ट्रेल म्हणायची एवढंच हं, कारण ती अधिकृत नाही, पाट्या नाहीत, दगडावर रंगाचे बाण नाहीत आणि बऱ्याच ठिकाणी साधी पायवाटही नाही. चालणारे लोक आठवडाभर घेतात. मी आणि माझी मैत्रीण मे अखेरीस एका दमात करायचं म्हणतोय, जमेल तिथे पळत आणि उरलेलं चालत. ही रेस नाहीये, त्यामुळे ना चेकपॉइंट, ना पाण्याचं टेबल, ना सगळ्यांच्या मागून कुणी राहिलंय का बघत येणारा स्वीपर.

पळण्याचं तेवढं टेन्शन नाही. शंभर किलोमीटरच्या रेसेस झाल्यात दोघींच्या, पण तिथे सगळीकडे फिती लावलेल्या असतात, मान खाली घालून फितीमागून फीत बघत जायचं, डोकं घरी ठेवलं तरी चालतं. इथे खांद्यावर डोकंही न्यावं लागणार.

तर विचारायचंय ते असं की घड्याळात जीपीएक्स म्हणजे मार्गाची फाइल टाकली, फोनमध्ये ऑफलाइन नकाशा घेतला, एवढ्याने भागेल का? कागदी नकाशा आणि कंपास घ्या असं सगळे सांगतात, पण स्कायच्या क्युलिन डोंगरात कंपासच खोटं दाखवतो असंही वाचलं, मग तो न्यायचा कशाला? दुसरं म्हणजे वेळेचा अंदाज कसा बांधायचा, कारण सपाटीवरचा पेस, म्हणजे किलोमीटरला लागणारा वेळ, इथे काही कामाचा नाही हे कळतंय पण मग कामाचं काय ते कळत नाहीये. आणि रात्र कुठल्या टप्प्यात आली तर बरी? बूट-बॅग सगळं झालंय, कृपया त्यावर नको, त्याचे धागे वाचून डोळे दुखले.

चहाबाज

वाचूनच धाप लागली. पण एक विचारतो, परवाना वगैरे काढावा लागतो का तिकडे? खासगी जमिनी असतील ना सगळ्या?

जुना_भटक्या

चहाबाज, परवाना लागत नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जवळपास सगळ्या मोकळ्या जमिनीवरून चालायचा हक्क दिलाय, जबाबदारीने वागा एवढीच अट. गेट जसं असेल तसं सोडायचं, मेंढ्यांना पिटाळायचं नाही, झालं.

रानपाखरू, मी हे पूर्ण चाललोय, पळत नाही, त्यामुळे पळण्याबद्दल गप्प बसतो. आधी कंपासचं भूत उतरवतो. क्युलिनचा कडा गॅब्रो आणि बसाल्टचा, त्या खडकात चुंबकीय गुण आहे, त्यामुळे सुई भलतीकडे वळते हे खरंच आहे. पण ट्रेल क्युलिनच्या कड्यावर चढतच नाही! ती ग्लेन स्लिगाखन नावाच्या दरीतून जाते, डावीकडे लाल क्युलिन, उजवीकडे काळा क्युलिन, आणि दरीत ठळक पायवाट आहे. तिथे कंपास खिशातून काढायचीही वेळ येऊ नये.

कंपास लागणार तो उत्तरेला, ट्रॉटरनिशच्या धारेवर, आणि ती लवकरच येते. फ्लॉडिगॅरी गावाहून क्विराँगच्या सुळक्यांकडे, तिथून धारेवरून स्टॉरच्या डोंगराला, हा टप्पा २८.५ किलोमीटरचा, चढ सगळे मिळून १७५० मीटरच्या आसपास. एकामागून एक टेकाडं आणि मधे खिंडी, तिकडे खिंडीला बिआलाख म्हणतात. ढग खाली उतरला की सगळी टेकाडं सारखी दिसतात. फोन तिथे चालेल, पण पावसात ओल्या बोटांनी स्क्रीन ऐकत नाही, नकाशा नुसताच झूम होत राहतो आणि माणूस चिडून भलतीकडे चालू लागतो.

खडकमाती

भटक्यांच्या म्हणण्यात भर. ट्रॉटरनिश म्हणजे आपला कोकणकडा आरशात बघितल्यासारखा आहे. दगडही भाऊबंदच, लाव्हाचे थर एकावर एक, तिकडचे साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीचे. फक्त आपल्याकडे कडा पश्चिमेला तुटतो आणि पूर्वेला पठार उतरत जातं, तिथे कडा पूर्वेला आणि पश्चिमेला गवताळ उतार. लाव्हाच्या वजनाखाली जुरासिक काळातले मऊ थर होते, ते सरकले आणि पूर्वेची बाजू ढासळली, क्विराँगचे सुळके त्यातलेच. ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं भूस्खलन, आणि फ्लॉडिगॅरीजवळ जमीन अजूनही सरकतेय, रस्ता सारखा दुरुस्त करावा लागतो.

हे फक्त हौस म्हणून सांगत नाहीये. दक्षिणेकडे जाताना कडा कायम डाव्या हाताला हवा, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

रानपाखरू

वा, खडकमाती, हे लक्षात राहील, डावीकडे कडा. मग धुक्यात कड्याच्या काठाने जात राहिलं की स्टॉरला पोचणारच ना? म्हणजे कड्यालाच हँडरेल, जिन्याच्या कठड्यासारखं, धरायचं?

जुना_भटक्या

उघड्या हवेत हो. धुक्यात आणि वाऱ्यात काठाजवळ जाऊ नका, काठ सरळ नाहीये, मधेच आत वळतो, कातरल्यासारखा. आणि खरी गोम वेगळीच आहे. धुक्यात कड्याची भीती वाटते म्हणून माणूस नकळत उजवीकडे, पश्चिमेकडे सरकत जातो, उतार इतका मवाळ असतो की आपण उतरतोय हेच कळत नाही, पायांना तर बरंच वाटत असतं. पुढे खाली उघडं दलदलीचं माळरान, पिंडरीपर्यंत पाय जाणारं, आणि रस्ता कोसांवर.

म्हणून काय करायचं सांगतो. प्रत्येक खिंडीत थांबा. तीस सेकंद. नकाशा कंपासवर लावा, पुढच्या माथ्याची बेअरिंग म्हणजे अंशांतली दिशा घ्या, नकाशावर चढ किती मीटर आहे ते मोजा (ओएस म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या १:२५,००० नकाशावर डोंगरात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, १० मीटरला एक), घड्याळातली उंची बघून ठेवा आणि मग निघा. ८० मीटर चढायचे होते आणि ४० चढूनच उतार सुरू झाला, तर काहीतरी चुकलंय, लगेच कळतं. अर्ध्या तासाने कळण्यापेक्षा बरं.

निवांत_पळ

वेळेच्या अंदाजाबद्दल मी. नेस्मिथचा नियम वापरा, १८९२ चा आहे आणि अजून कुणी त्याहून सोपा काढलेला नाही: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. त्या धारेच्या टप्प्याला लावून बघा. २८.५ भागिले ५ म्हणजे ५.७ तास, १७५० भागिले ६०० म्हणजे २.९, झाले साडेआठ तासांच्या पुढे. हा दमदार चालणाऱ्याचा वेळ. तुम्ही म्हणाल आम्ही पळणार, पण वाट नसलेल्या गुंतलेल्या गवतात आणि दलदलीत तुमचं पळणं आणि त्यांचं चालणं यात फार अंतर उरत नाही हो, शिवाय थांबून बेअरिंग घ्यायचीय. मी तर आकडा तसाच धरेन, वेळ वाचला तर पुढच्या पोर्ट्री गावात चिप्स खायच्या.

नकाशाबद्दल एक. अख्खा नकाशा गळ्यात लटकवू नका. ज्या टप्प्यात आहात तेवढाच वर येईल अशी घडी घालून वॉटरप्रूफ पिशवीत ठेवा आणि अंगठा शेवटच्या खात्रीच्या जागेवर. हलायचं तसा अंगठाही हलवायचा. ओरिएंटीअरिंगवाले, म्हणजे नकाशा-कंपासवर वाट शोधत शर्यत पळणारे, असंच करतात. वीस तास झाल्यावर डोक्यातला नकाशा पुसला जातो, अंगठा नाही पुसला जात. आणि दोघींनी आळीपाळीने करा, एकीने वाट काढायची, दुसरीने मधून मधून ‘आत्ता आपण कुठे?’ एवढंच विचारायचं. तिला उत्तर द्यायला पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर थांबा.

फोन एअरप्लेन मोडवर ठेवला तरी जीपीएस चालतो, बॅटरी वाचते. घड्याळ-फोन न्याच, मी काही कागदाचा भक्त नाही. पण घड्याळावर नुसती रेघ असते, रेघ सोडून दहा पावलं बाजूला काय आहे ते ती सांगत नाही.

रानपाखरू

निवांत, हिशोब बघून गार पडले पण उपयोगी आहे. मग रात्रीचं काय? आम्ही पहाटे पाचला रुआ हुनिशहून निघायचं धरलंय.

जुना_भटक्या

हे चांगलं विचारलंत. मे अखेरीस तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पाचच्या आधी उगवतो, ढग नसले तर मधेही पूर्ण काळोख होत नाही. पाचला निघालात तर धार उजेडात संपते. स्टॉरपासून पोर्ट्री १४ किलोमीटर, म्हणजे संध्याकाळी तुम्ही रुआ हुनिशपासून ५४ किलोमीटरवर आणि गावात. खायचं-प्यायचं तिथे भरा, कारण पुढे स्लिगाखनचं हॉटेल सोडलं तर रात्री काही उघडं मिळणार नाही आणि तेही उशिरा गेलात तर बंद.

पोर्ट्री ते स्लिगाखन १९. तिथून ती दरी, रात्री करायला हाच टप्पा बरा, कारण वाट ठळक आहे आणि दोन्हीकडे डोंगर असल्यामुळे भरकटायला जागाच नाही. मात्र पाऊस झालेला असेल तर आडवे येणारे ओढे फुगतात, पाणी मांडीला लागलं तर पार करू नका, खुशाल परत फिरा. साधारण बारा किलोमीटरवर कॅमासुनरी, समुद्रकाठी, तिथे बॉथी आहे म्हणजे कुणीही विनामूल्य राहावं अशी साधी खोली, वीज-पाणी काही नाही. २०१६ साली नवीन झाली.

आता माझा मुद्दा. कॅमासुनरी ते एलगॉल गावाची वाट समुद्राच्या वर तिरक्या गवताळ उतारावरून जाते, पाऊलभर रुंद, खाली थेट कडा. ती रात्री दमलेल्या पायांनी करू नका. अंधारात पोचलात तर बॉथीत बसा, उजाडेपर्यंत. बसायचं नसेल तर कॅमासुनरीहून खिंड ओलांडून किलमरीच्या रस्त्याला जाणारी गाडीवाट आहे, तिने निघा, ट्रेलचा तो तुकडा सुटला तर सुटला.

तुम्ही घड्याळ की कागद विचारलंत, मी उलटं विचारतो. कुठल्याही क्षणी, इथून खाली रस्त्याला कसं उतरायचं, हे तुम्हाला माहीत आहे का? धारेवरून पूर्वेला जिथे उतरता येतं त्या जागा मोजक्याच, बाकी कडा. त्या घरी बसून नकाशावर लाल पेनने खुणा करून ठेवा, आणि प्रत्येकीच्या पुढे लिहा की कुठल्या वेळेनंतर पुढे न जाता इथूनच उतरायचं. ही वेळ घरी ठरवायची असते. वर वाऱ्यात ठरवायला गेलात की प्रत्येक वेळी ‘अजून थोडं’ हेच ठरतं.

रानपाखरू

हे मी खरंच केलेलं नाही, उतरायच्या जागांचा विचारच डोक्यात नव्हता. आज रात्री मैत्रिणीबरोबर बसते लाल पेन घेऊन. अजून एक, नेटवर्क नसताना मदत कशी मागायची?

निवांत_पळ

९९९ किंवा ११२ लावा, पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. रेस्क्यूचे लोक स्वयंसेवक आहेत, पैसे घेत नाहीत, म्हणून विनाकारण बोलावू नका पण गरज असेल तर लाजूही नका. रेंज अर्धवट असते तिथे कॉल लागत नाही पण मेसेज जातो, त्यासाठी ९९९ ला आधीच register हा शब्द इंग्रजीत मेसेज करून नोंदणी करावी लागते, निघायच्या आदल्या दिवशी नको, आत्ताच करा, ऐन वेळी चालत नाही. शिट्टी मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून परत. तिकडून तीन शिट्ट्या आल्या की समजायचं ऐकलं. दूरच्या जागी सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र, भाड्याने मिळाला तर उत्तम. आणि एका शहाण्या माणसाला तुमच्या लाल पेनच्या वेळा देऊन ठेवा, अमुक वाजेपर्यंत फोन नाही आला तर काय करायचं यासकट.

चहाबाज

आणि जेवणखाण? मला तेवढंच कळतं.

खडकमाती

पोर्ट्रीत भरायचं सांगितलंय की भटक्यांनी. पाण्याचं मात्र लक्षात घ्या, धार कोरडी असते, झरे खाली आहेत, त्यामुळे क्विराँगला चढायच्या आधी बाटल्या भरून घ्या. मेंढ्या सगळीकडे चरतात, फिल्टर न्या. शेवटी टॉरिन गावापासून ब्रॉडफर्ड २० किलोमीटर, मधे सुइशनिश आणि बोरेरेग या ओसाड गावांच्या भिंती लागतात, १८५३ मध्ये मेंढ्यांसाठी तिथली माणसं हुसकावून लावली. दमला असाल तरी पाच मिनिटं थांबा तिथे.

जुना_भटक्या

गोचीड राहिले. दरीत आणि त्या शेवटच्या टप्प्यात नेच्यात आणि उंच गवतात भरपूर. लाइम रोग त्यांच्यापासून होतो. लांब मोजे घाला, चिमटा खिशात ठेवा, पोचल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत एकमेकींना तपासा. सापडला तर कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका, तेल-बिल लावू नका. नंतरच्या आठवड्यांत तिथे गोल पसरत जाणारा लाल चट्टा आला तर सरळ डॉक्टरकडे. आणि मिज, ते बारीक चावरे किडे, ते वारा असला की उडत नाहीत, म्हणून खायला थांबाल ते वाऱ्यात थांबा, आडोशाला नाही.