कसायाचं दार पहिल्यांदा उघडलं तेव्हा… (डायब्लो आणि त्याच्या भाऊबंदांचे अनुभव)

पांदण

भाची दहावीची परीक्षा देऊन सुट्टीत आली आहे. बाहेर पंचेचाळीस डिग्री, त्यामुळे दुपारभर कूलरसमोर लोळत मोबाईल. काल मी आतल्या खोलीत पडलो होतो आणि बाहेरून गिटार ऐकू आली. डायब्लो या कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या ट्रिस्ट्रम गावाची. खेळाचा संगीतकार मॅट युलमेनची ती बारा तारांची गिटार ज्यानं ऐकली आहे त्याला पुढं काही सांगायची गरज नाही. झोप उडाली.

खेळ निघाला १९९६च्या अगदी शेवटी, आमच्या तालुक्याला पोचेपर्यंत मी अकरावीत गेलो होतो. कॉम्प्युटर क्लासचे सर दुपारी जेवायला घरी जायचे आणि चावी आमच्याकडे. चार मशिनी, त्यातल्या एकीलाच साउंड कार्ड. त्यामुळे गावाच्या चर्चखालच्या भुयारातला कसाई नावाचा राक्षस 'ताजं मांस' म्हणून ओरडतो हे बाकी तिघांना माहीतच नव्हतं. ते एका पोराचा चेहरा पाहून समजायचे की दार उघडलं.

आता भाचीचं. तिनं खेळायला 'रोग' (Rogue) नावाची बाई घेतली, धनुष्यवाली. चर्चबाहेर तो जखमी माणूस पडलेला असतो ना, तो कसायाबद्दल सांगतो आणि मरतो. बाई थांबली. "मामा, याला उचलून त्या पेपिन वैद्याकडे का नाही नेता येत? इथं तर आहे त्याचं घर." एवढी वर्षं झाली, मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

मग दुसऱ्या मजल्यावर ते दार उघडलं. रक्तानं माखलेली खोली, खुंटांवर देह, आणि तो धावत येतो. पोरगी अशी किंचाळली की अंगणात आईच्या हातून कुरडईचा सोऱ्या सुटला. अख्ख्या कुरडईऐवजी एक लांब शेपूट पडलं खाटेवर.

तुमचं पहिल्यांदा कसं झालं ते लिहा. डायब्लोच पाहिजे असं नाही. भुयार असलं म्हणजे झालं.

बोंडअळी

काय राज्या, कायले आठवण काढली बे 😂 मी त वॉरियर घेऊन गेल्तो. दार उघडलं, थो आला, मी पऱ्हालो. जिन्यावर चढलो न वर आलो. थो जिन्यानं मागं येत नाई हे समजलं तवा जीवात जीव आला. मंग खाली जायची हिंमतच नाई झाली. दोन दिवस नुसता गावात हिंडलो. ग्रिसवोल्ड लोहाराशी बोलायचं, त्या बेवड्या फार्नहॅमशी बोलायचं, गाईशी बोलायचं. गाय हंबरते फकस्त.

तर्री_पोहे

मला कसाई भेटलाच नाही. सगळे सांगायचे कसाई कसाई, मी दुसरा मजला कोपरा न कोपरा पाहिला. मित्र म्हणाले तू खोटं बोलतोस, तू खेळलाच नाहीस. अजून ते मला त्याच नजरेनं बघतात.

खारोडी

@तर्री_पोहे तुम्ही खरं बोलताय. एकट्यानं खेळताना प्रत्येक नव्या डावात सगळी कामं येत नाहीत. कसाई, ऑग्डेनच्या खानावळीची पाटी आणि गारबाड नावाचा राक्षस ही तीन, यातली दोनच एका डावात निघतात. तसंच सांगाडा झालेला राजा लिओरिक किंवा विषारी पाणी, दोन्हीपैकी एक. मजल्यांची रचनाही दर वेळी नवी. सोळा मजले, चार-चारचे चार भाग: चर्च, तळघरं, गुहा, नरक.

मित्रांना हे दाखवा आणि चहा वसूल करा.

तर्री_पोहे

ताई, पाया पडतो. प्रिंट काढून लावतो दुकानात.

खारपाण

आमच्या डावात विषारी पाणीच आलं होतं. मी दर्यापूरचा. पेपिन सांगतो की गावाचं पाणी नासलं, जा आणि खाली बघ. मी म्हटलं याला काय सांगायचं, आमच्याकडे विहीर खणली की पाणी खारंच लागतं. पूर्णेच्या खोऱ्यात सगळीकडे तसंच. त्या खोलीतले सगळे मारले की पाणी निवळतं, आणि पेपिन अंगठी देतो. आमच्याकडे कुणी चार राक्षस मारून पाणी गोड करून दिलं तर अंगठी काय, वावर नावावर करून देतील लोक.

आईला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, किती मारावे लागतात?

कुरडई

पांदण भाऊ, सोऱ्यावरून आठवलं, गव्हाचा चीक यंदा नीट शिजतच नाहीये, कुणाला काही उपाय माहीत आहे का. गहू तीन दिवस भिजवला.

बरं विषयावर. मी लग्नानंतर खेळले. हे पुण्याहून मशीन घेऊन आले होते, त्यात हा खेळ होता. यांना वाटलं मी पत्ते खेळते. मी सॉर्सरर, म्हणजे जादूगार, घेतला कारण त्याची काठी छान दिसत होती. सुरुवातीला इतका नाजूक जीव, एक सांगाडा दोनदा लागला की संपला. पण फायरबॉल मिळाल्यावर कुणाची बिशाद. जादूची पुस्तकं एड्रिया चेटकिणीकडे मिळतात आणि ती बया राहते नदीपलीकडे. या खेळात पळता येत नाही. जादूची ताकद भरणारी एक निळी बाटली आणायची तर अख्खं गाव पार करा. तेवढ्यात मी कुकर लावून यायची.

आणि सोनं! एका खणात पाच हजारच मावतं. पेटी नाही, तिजोरी नाही. मग गावात जमिनीवरच ओतून ठेवायचं. आमच्या चौकात विहिरीजवळ असे ढीग, भाव यायची वाट बघत घरात भरून ठेवलेल्या कापसासारखे. फक्त सोन्यानं खाज सुटत नाही.

वरण उतू चाललंय, येते.

बोंडअळी

@कुरडई ताई खाज नका आठवून देऊ. गेल्या साली फाल्गुनापर्यंत घरात कापूस होता. पोट्टे आंगणात झोपले. भाव काई आला नाई.

पांदण

@कुरडई आई म्हणते गहू भिजवताना पाणी रोज बदललं का? आणि शिजवताना गाठी होऊ द्यायच्या नाहीत, एकानं ओतायचं, एकानं घाटायचं. एकटीनं होत नाही.

जागल

मी डायब्लोवाला नाही, नेटहॅकवाला. १९८७चा खेळ, अजून फुकट मिळतो. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. तुम्ही म्हणजे एक @ चिन्ह. कुत्रा म्हणजे d. बस.

हिवाळ्यात आमच्याकडे मोटारीची लाईन रात्रीची असते. हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे रात्रभर वावरात, वरून रानडुकरांची जागल. मोबाईलवर व्हिडिओ लावला तर बॅटरी दोन तासांत आडवी. नेटहॅक बॅटरी खातच नाही. उजेड कमी करायचा, घोंगडं डोक्यावरून घ्यायचं, दर थोड्या वेळानं उठून बारं मोडायचं, आणि परत @.

पहिल्या दिवसात मला एक निळा e दिसला. जागचा हलत नाही, काही करत नाही. मला वाटलं सोपी शिकार. मारला. तो तरंगता डोळा निघाला. त्याच्याकडे पाहत त्याला मारलं की तुम्ही लुळे पडता, आणि मग येणारा जाणारा कुणीही टोचून जातो. मला एका उंदरानं संपवलं. उंदरानं! घोंगड्यात बसून मी मोठ्यानं शिवी दिली तर शेजारच्या वावरातून काकांचा आवाज आला, "काय झालं बे, साप निघाला काय?"

आणि मेलात की मेलात. जुना डाव उघडून परत यायची सोय नाही. सगळं पहिल्यापासून. नव्या माणसाला एकच सांगतो, जीव सातव्या हिश्शाच्या खाली गेला की देवाची प्रार्थना करायची, देव वाचवतो. पण घडीघडी केली तर तोच मारतो. डाव सुरू झाल्याबरोबर तर करूच नका.

कुत्रा दुकानातला माल चोरून आणतो हे मला फार उशिरा कळलं. दुकानदार कुत्र्याला काही म्हणत नाही. एकदा त्यानं मला असा एक…

लाईन आली. मोटार चालू करून येतो.

खारपाण

@जागल मे महिन्यात कोणता हरभरा भाऊ 😀

जागल

भुईमूग हो. उन्हाळी. हरभऱ्याची गोष्ट हिवाळ्याची होती, लाईन आताची.

गुरुजी_निवृत्त

सर्वांचे अनुभव वाचले. नम्रपणे सांगतो, डायब्लोला मी भूमिका-खेळ (रोल-प्लेइंग गेम) मानत नाही. बटन दाबा आणि मारा. खरे भुयार म्हणजे १९९१चा आय ऑफ द बिहोल्डर. वेस्टवूड कंपनीचा. वॉटरडीप शहराखालच्या गटारात चार जण उतरतात आणि मागे दगड कोसळून वाट बंद होते. चौकोन चौकोन पुढे सरकायचे. नकाशा खेळ दाखवत नाही, तो आपण काढायचा.

मी आलेखाच्या वहीत काढत असे. पोरांच्या भूमितीच्या वह्या संपल्या. दार म्हणजे आडवी रेघ, कळ म्हणजे फुली, खड्डा म्हणजे गोल. फिरवणारे चौकोन असतात, पाय ठेवला की तोंड नकळत दुसऱ्या दिशेला. तिथून पुढचा अख्खा नकाशा उलटा येतो. वीज गेली की मशीन बंद, नकाशा मात्र राहतो. कंदिलाच्या उजेडात मी तो स्वच्छ उतरवून ठेवत असे. सौ. म्हणाल्या, शाळेच्या बांधकामाचा आराखडा आहे का? मी हो म्हणालो.

बोंडअळी

गुर्जी, तुमी आमाले भूमितीत नापास केलं थ्या वह्या कुठं गेल्या हे आता समजलं

गुरुजी_निवृत्त

आपण कोण? कोणत्या सालची बॅच?

बोंडअळी

नाई सांगत 🙏

खारोडी

गुरुजी, एक गंमत सांगते. डायब्लोसुद्धा आधी पाळीपाळीनं चालायचा खेळ होणार होता. तो बनवणाऱ्या डेव्हिड ब्रेविकला मोरिया, अँगबँड असले जुने अक्षरांचे खेळ आवडायचे, त्यावरून त्यानं हे बेतलं. नंतर तो बदलून धावता केला. म्हणजे जागल भाऊंचा @ आणि पांदण भाऊंची भाची एकाच घराण्यातले. आणि डायब्लो हे नाव कॅलिफोर्नियातल्या एका डोंगराचं, माउंट डायब्लो. ब्रेविक त्याच्या पायथ्याकडं राहायचा लहानपणी.

मायबाप_कूलर

हे मोबाईलवर कसं चालतं? माझ्याकडे साधा अँड्रॉइड आहे. पैसे पडतात का?

पांदण

@मायबाप_कूलर डेव्हिल्युशनएक्स नावाचं आहे, ते फुकट. पण मूळ खेळाची डायबडॅट नावाची फाईल लागते, म्हणजे खेळ विकत घेतलेला पाहिजे. माझ्याकडे घेतलेला होता. नुसतं चाखून पाहायचं तर नमुन्याच्या फाईलवर पण चालतं, त्यात पहिले दोनच मजले आणि वॉरियरच.

बातमी. कसाई पडला. बाईनं जाळीच्या भिंतीपलीकडे उभं राहून बाण मारले, तो जाळीला नाक लावून उभा. मी काही शिकवलं नव्हतं. वर म्हणते, "मामा, याला वळसा घालता येत नाही एवढं मोठं डोकं कशाला दिलं?"

लिओरिक मात्र जड गेला. तो मेलेले सांगाडे परत उठवतो. ती मागच्या मागं बाण मारत जाते, ज्याला पाडलं तो पुन्हा उभा. शेवटी आधी सगळी गर्दी दारात आणून, मग राजा. मुकुट मिळाला. तो घातला की मारलेल्याचा थोडा जीव आपल्याला येतो, पण हाताच्या हत्यारानं मारलं तरच. धनुष्यवालीला काय उपयोग. तरी घालून बसली आहे, दिसतो छान म्हणून.

कुरडई

बरोबर आहे तिचं.

तर्री_पोहे

वर्टकडे गेली का? तो लाकडी पायाचा पोरगा, नुसता माल दाखवायचे पन्नास घेतो. मी त्याच्यावर इतका चिडायचो.

पांदण

गेली. मी म्हटलं देऊ नको, लुबाडतो. ती म्हणाली, "त्याचा पाय राक्षसांनी नेला मामा, घेऊ दे पन्नास." रोज सकाळी खाली उतरायच्या आधी पन्नास देऊन येते. माल घेत नाही.

खारपाण

😶

मायबाप_कूलर

डाउनलोड केलं. वॉरियर आहे. चर्चमध्ये गेलो. अंधार आहे. आता?

बोंडअळी

आता उजेड कमी कर न हेडफोन लाव. न दुसऱ्या मजल्यावर लाल दार दिसलं त उघड, लय मस्त खजिना आहे तिथं 😇

खारोडी

@मायबाप_कूलर ऐकू नका त्यांचं. आधी एक टाऊन पोर्टलची, म्हणजे भुयारातून झटकन गावात आणणारी, पोथी घ्या एड्रियाकडून. आणि सांगाड्यांना तलवार अर्धीच लागते, गदा असेल तर ती वापरा. जनावरांना उलट.

मायबाप_कूलर

एड्रिया कुठं राहते

कुरडई

नदीपलीकडं. कुकर लावून घ्या आधी.

पांदण

पाचव्या मजल्यावरून गावात यायची नवी वाट उघडली, त्यामुळे पोरगी खूष. आज नवव्यात, गुहांमध्ये. लाव्हा, आणि ती आम्ल थुंकणारी कुत्री. मेलेली कुत्री पण जमिनीवर आम्लाचं डबकं सोडून जाते, त्यात उभी राहिली होती आणि जीव का जातोय समजेना. समजल्यावर मलाच रागावली की आधी सांगायचं.

परवा तिचे बाबा न्यायला येणार. म्हणते निकालापर्यंत राहू दे. आई म्हणते राहू दे, पापडाला हात लागतात.

जागल

आलो. मोटार जळली. कुणाकडे हिंगणघाटकडचा वाइंडिंगवाला आहे का जो रविवारी उघडा असतो? नंबर इथं नको, निरोप टाका.

खारपाण

कुत्र्यानं काय चोरून आणलं ते अर्धवट सोडलं तुम्ही.

जागल

आधी मोटार भाऊ.