बुजरी? तिसरीचा वर्ग बघा एकदा!

कुणीतरी म्हटलंय की जपानी मुलं बुजरी असतात, इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडत नाहीत. पाचवी-सहावीबद्दल थोडंफार मान्य. २०२० पासून तिथे इंग्रजी रीतसर विषय झालाय, मूल्यमापन आलं, मग चुकायची धास्ती. पण तिसरीची पोरं? तिथे त्यांना इंग्रजी शिकवताना ४५ मिनिटांत माझाच घसा बसायचा. ‘जानकेन’ (आपलं दगड-कागद-कात्री) इंग्रजीतून खेळायला लावलं की वर्ग डोक्यावर!

उच्चारांचं म्हणाल तर ‘मिल्क’चं हमखास ‘मिरुकु’. त्यांच्या लिपीत एक ‘न्’ सोडला तर पाय मोडलेलं अक्षरच नाही, बिचारी करणार काय! एकदा दुपारी जेवण वाढणाऱ्या, पांढरी टोपी घातलेल्या एका पोराने दुधाचं पाकीट माझ्यापुढे सरकवलं आणि हळूच म्हणाला, “मिल्क.” अगदी स्वच्छ. पुढच्या तासाला वर्गासोबत पुन्हा मिरुकु!