सातबाऱ्यावर नसलेली माणसं : आपल्या गावचं रान, घर आणि वाटण्या (अनुभव धागा)

मागच्या रमजानात अब्बा गेले. चाळिसावा झाल्यावर थोरल्या भावाने पत्र्याची पेटी उघडली. सोसायटीच्या पावत्या, कडब्याच्या हिशेबाची वही, आणि तळाशी १९८९ च्या एका फेरफाराची नक्कल. दादा, म्हणजे अब्बांचे वडील, वारल्यावर झालेली वारस नोंद. त्यात लिहिलंय : मयतास दोन मुलगे, याशिवाय अन्य वारस नाहीत. खाली गावातल्या दोघांचे अंगठे.

अन्य वारस होते. माझ्या दोन फुफू, म्हणजे आत्या. एक अक्कलकोटकडे दिलेली, एक इंडीला. दोघी दर ईदेला आमच्या घरी यायच्या, आणि कागदावर त्या जन्मल्याच नव्हत्या.

आमचं गाव दक्षिण सोलापुरात, भीमेच्या अलीकडे. पन्नासेक उंबरे, पटेल, शेख, मुलाणी, चार घरं लिंगायतांची. घरात दखनी, रानात मराठी, बाजारात कन्नड. येळवसेला (वेळ अमावास्येला) आम्हीही रानात भज्जी आणि आंबील नेतो. काळी जमीन, मालदांडी ज्वारी, आता थोडा ऊस. अशा गावांबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. घर, जमीन, वाटणी, शेजार, जे आठवेल ते लिहा. नावं नकोत, तालुका पुरे.

मोहोळ तालुका

मी हिस्सा घेतलेली बहीण आहे, म्हणून आधी मीच लिहिते.

आमची दहा एकर, म्हणजे चारशे गुंठे. अम्मी, दोन भाऊ आणि मी. शरियतचा हिशेब आमच्या मौलानांनी वहीच्या पाठीमागे पेन्सिलीने करून दाखवला. मुलंबाळं असली तर बायकोला आठवा हिस्सा : अम्मीला पन्नास गुंठे. उरले साडेतीनशे. मुलाला दोन तर मुलीला एक, असे पाच वाटे, सत्तर-सत्तरचे. भावांना एकशेचाळीस-एकशेचाळीस, मला सत्तर.

लोक म्हणतात, मुलीला निम्माच का? तो वाद वेगळा. आमच्याकडे ते निम्मंसुद्धा देत नाहीत, हे माझं दुखणं आहे. अर्धं ठरवून दिलंय अल्लाने, आणि शून्य ठरवलंय गावाने. हक्कसोडपत्रावर सही घेतात, वर म्हणतात, बहिणीने हिस्सा मागितला की माहेर तुटतं.

माझं तुटलं, दोन वर्षं. धाकटा भाऊ बोलेना. मग त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तो स्वतः दारात आला. माझे सत्तर गुंठे तोच अर्धेलीने करतो. सुगीला माझ्या वाट्याची ज्वारी पोत्यात भरून, तोंड शिवून, टेम्पोने पाठवतो.

माढा तालुका

आम्ही महजूब. शब्द माहीत नसेल त्यांच्यासाठी : आजोबांच्या आधी बाप मेला आणि चुलते हयात असले, तर आजोबांच्या जमिनीत नातवाला काही मिळत नाही. हिंदू शेजाऱ्यांना हे सांगितलं की पटतच नाही, कारण त्यांच्यात वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासूनच हक्क असतो. आपल्याकडे हक्क मृत्यूनंतर उघडतो, आणि त्या दिवशी जो हयात तो वारस.

मी सात वर्षांचा असताना अब्बा विहिरीचं काम करताना गेले. आजोबांना हा कायदा ठाऊक होता. वसियत, म्हणजे मृत्युपत्र, एक तृतीयांशापुरतीच चालते, आणि मेल्यावर माणसं फिरतात, असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी जिवंतपणी हिबा, म्हणजे बक्षीस, केला. देतो म्हणणं, घेतलं म्हणणं आणि ताबा सोडणं, या तीन गोष्टी झाल्या की हिबा पुरा होतो. कागद नसला तरी चालतो.

तो दिवस डोळ्यांपुढे आहे. रब्बीची पेरणी. दोन्ही चुलते, मशिदीतले दोन बुजुर्ग, बांधाला उभे. आजोबांनी पाभरीच्या चाड्यावर माझा हात ठेवला, मुठीत ज्वारी दिली, म्हणाले, "इथून ओढ्यापर्यंत तुझं. घेतलंस?" मी मान हलवली. ते ओरडले, "तोंडाने बोल!" मी "घेतलं" म्हणालो. मग ते बांध ओलांडून पलीकडे जाऊन बसले आणि त्या रानात परत कधी औत घातलं नाही. लहानपणी वाटायचं, दमले असतील. ताबा सोडला म्हणजे काय, ते वकिलाकडे गेल्यावर कळलं.

तलाठ्याकडे मात्र तोंडी हिब्यावर नोंद होईना. थोरल्या चुलत्यांनी स्वतः खर्च करून नोंदणीकृत दस्त करून दिला, तेव्हा माझं नाव लागलं. त्यांनी मनात आणलं असतं तर मी आज साखर कारखान्याच्या टोळीत ऊस तोडत असतो. माझ्यासारखी आणखी पोरं आहेत शिवारात, ज्यांच्या आजोबांना हे माहीत नव्हतं. आजोबा हयात असतील तर आजच बोला, एवढी कळकळीची विनंती.

करमाळा तालुका

आमचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. धरण १९८० ला पुरं झालं, मी तेव्हा लहान. बदल्यात जमीन मिळाली, ती दूर आणि मुरमाड. कब्रस्तानाच्या बदल्यात कब्रस्तान कसं मिळणार? मे महिन्यात पाणी उतरलं की वडील काठावर जाऊन साधारण अंदाजाने फातिहा पढायचे. आता मी जातो. अंदाज त्यांचाच वापरतो.

मंगळवेढा तालुका

आम्ही मुलाणी. गावच्या दर्ग्याची दिवाबत्ती आमच्याकडे, त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या इनाम रान. सातबाऱ्यावर मालक देवस्थान, आमचं नाव इतर हक्कात. वर्ग तीनचं इनाम, विकता येत नाही, आणि विकायचंही नाही. पण पीककर्ज मागायला गेलं की बँकेतला माणूस सातबारा बघून परत देतो. गाव समजतं, मुलाण्याकडे पाच एकर आहे. उरुसाला संदल निघतो तेव्हा सगळं गाव येतं, मान मिळतो. बी-बियाण्याला पैसे सावकाराचे.

सांगोला तालुका

मी मुसलमान नाही, चालेल ना? आमची आणि शेखांची विहीर सामाईक, पाळी ठरलेली. शेतीची लाईट रात्रीची असली की रमजानात आम्ही पाळ्या बदलतो. पहाटे सहेरीला ते उठलेले असतातच, तेव्हा मोटर ते चालू करतात. संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी त्यांच्या डाळिंबाचा व्हॉल्व्ह मी फिरवतो. माझ्या वडलांपासून हे चालू आहे. लिहून ठेवलेलं कुठे नाही. दोन्हीकडची पोरं पुण्याला आहेत, त्यांना पाळीच माहीत नाही. म्हणून इथे लिहिलं.

धागा काढणारा, पुन्हा

सगळं वाचलं. माढ्याचा अनुभव अम्मीला वाचून दाखवला.

तलाठी म्हणाले, जुना फेरफार दुरुस्त करायचा तर प्रांतांकडे अपील, सोबत उशीरमाफीचा अर्ज. सहा एकरात फुफूंचे एक-एक एकर निघतात. थोरला भाऊ आधी गप्प झाला. त्याच्याच तुकड्यात बोअर आहे. रात्री जेवताना म्हणाला, "अब्बांना माहीत असेल का रे?" अम्मी ताटाकडे बघत राहिली. मला वाटतं, माहीत होतं. नक्कल त्यांनीच जपून ठेवली होती.

इंडीची फुफू आता नाही, तिची मुलं आहेत. अक्कलकोटच्या फुफूला मी फोन केला. ऐकून घेतलं, काही बोलली नाही, फोन ठेवला. दोन दिवस काही नाही. काल तिच्या मुलाचा फोन आला : "अम्मीचं आधार कार्ड कुठल्या नंबरवर पाठवू?"