पार्किंगमध्ये पांढरी गाडी कोणाची?

ए-१०२: पांढरी गाडी कोणाची हो? आडवी लावलीय, मला ९ वाजता लोट्याला पोचायचंय

ए-२०४: बी-१०३ कडे काल पाहुणे आलेत. त्यांच्याकडे गोतावळा असतोच

बी-३०१ काका: त्या लोकांना शिस्तीचं वावडंच. आपले बी-१०३ वाले अपवाद म्हणा. मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई बघा, इथलेच की, असा आदर्श ठेवला पाहिजे समोर

बी-१०३: गाडी माझ्या मामूंचीच आहे, चुकलं, सॉरी, किल्ली घेऊन उतरतायत. पण काका एक बोलू का, रागावू नका. गाडी नीट लावायला दलवाई कशाला हवेत? त्यांनी १९६६ ला तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत ७ बायकांचा मोर्चा काढला होता, पार्किंगच्या पट्ट्यासाठी नाही. ए-३०२ ची गाडी मागे २ दिवस आडवी होती तेव्हा त्यांना कोणी रत्नागिरीच्या टिळकांचा दाखला दिला नाही. आमचा मेंटेनन्स १ तारखेला येतो ना, १० पर्यंत मुदत असते हे आम्हालाही माहितीय, पण एकदा उशीर झाला की लगेच 'ते असेच' असं ऐकावं लागणार. अम्मी बांगडे आणते ते ३ पिशव्यांत गुंडाळून, जिन्यात थेंब पडला तर परत खाली येऊन ओल्या फडक्याने पुसते, आणि रविवारी त्याच जिन्यातनं अख्ख्या सोसायटीची सुरमई वर जाते त्याचा वास कोणालाच येत नाही. मॅच असली की अब्बा भावाला सांगतात विकेट पडली की जरा मोठ्याने ओरड. तो १२ वर्षांचा, त्याला क्रिकेट आवडतच नाही, फुटबॉल बघतो.

बी-१०३: २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आत आलं तेव्हा अब्बांनी तळमजल्यावरच्या आजींना पाठीवर घेऊन वर आणलं, तेव्हा सगळे म्हणाले, तुमच्यासारखे सगळे असते तर. चांगल्या मनानेच म्हणालात. अब्बा घरी येऊन बराच वेळ गप्प बसले होते

ए-२०४: अगं विषय कुठच्या कुठे नेलास, तसं कोणाच्या मनात पण नव्हतं

ए-१०२: मामू आले, गाडी निघाली, थँक्यू. काका, 'त्या लोकांना' हे मलाही खटकलं

ए-२०४: टाकी ओव्हरफ्लो होतेय बघा, कधीपासून पाणी वाहतंय, मोटर कोणी चालू ठेवली??

ए-३०२: अय्या मीच, विसरले

बी-३०१ काका: होतं हो असं वहिनी, मी करतो बंद