बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) कुठून करू? खिसा बघून सांगा

सांगलीकरीण: बी.ए. मराठी झालंय. ३ वर्षं गावच्या वाचनालयात देवघेव सांभाळते. एका खासगी कॉलेजनं फी सांगितली आणि आईच्या बांगड्याच डोळ्यांसमोर आल्या! स्वस्त पण कामाचं काय?

जुना ग्रंथपाल: नोकरी सोडू नका. नाशिकचं मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू बघा. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर पुढे एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट-सेट ही पात्रता परीक्षा लागेल.

कार्डकपाट: कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष हाताळायला देतात का, ते आधी विचारा. आम्हाला सॉफ्टवेअर फळ्यावर शिकवलं!

जुना ग्रंथपाल: नंतर बंगळूरचं डीआरटीसी हे ग्रंथालयशास्त्राचं केंद्रही बघा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९६२ साली काढलेलं. शिकवणी शुल्क नाही, वर विद्यावेतन. प्रवेशपरीक्षा मात्र घाम काढते.

सांगलीकरीण: बंगळूर! आईला आधी चहा देते, मग सांगते.