मदत हवी आहे: बुटीबोरीतल्या सर्व्हरच्या बीएमसीपर्यंत (सर्व्हर दुरून सांभाळायची त्यातलीच वेगळी चिप) घरून पोचता येत नाही

नमस्कार मंडळी,

बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका दालमिलचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. राहायला प्रतापनगरला, म्हणजे जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. एरवी त्याचं काही वाटत नाही. पण वडिलांचं ऑपरेशन होऊन दहाच दिवस झालेत आणि रात्री त्यांच्याजवळ मी एकटाच असतो.

सर्व्हर एकच आहे, पण मिलचा धर्मकाटा त्याच्यावर चालतो. तो बंद पडला की वजनाची पावती निघत नाही आणि तूर भरून आलेले ट्रक फाटकाबाहेर रांगेत उभे राहतात. मे महिन्यात त्या तापलेल्या केबिनमध्ये ड्रायव्हर लोक तासन् तास बसून असतात, ते बघवत नाही.

मंगळवारी संध्याकाळी वादळ आलं, लाइट गेली ती तीन तास. यूपीएस पाऊण तासात संपला. लाइट आल्यावर सर्व्हरचे पंखे सुरू झाले, पण लिनक्स काही वर आलं नाही. रात्री साडेदहाला चौकीदार काकांना फोन लावला. त्यांनी व्हिडिओ कॉल करून मोबाइल मॉनिटरसमोर धरला. "भाऊ, काळ्या पडद्यावर इंग्रजीत लिवून राह्यलं. एफ वन दाबू का?" दाबायला कीबोर्डच नव्हता. तो कपाटात सापडला, जुना, गोल पिनचा. चालू मशीनला लावला तर एकही बटण चालेना. काकांना बटण धरून मशीन बंद करायला लावलं, कीबोर्ड आधी जोडला, मग चालू केलं. बायोसचं (लिनक्सच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचं) घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं दिसलं, म्हणजे मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. एफ वन दाबल्यावर सगळं सुरळीत सुरू झालं. काकांनी त्या रात्री फार जीव लावून मदत केली. पण दर वेळी त्यांच्यावर भार टाकणं मला पटत नाही.

या सर्व्हरला बीएमसी आहे. सहा वर्षांपूर्वी मीच त्याला १९२.१६८.१.५० हा पत्ता दिला होता. वेगळी वायर टाकलेली नाही, पहिल्याच लॅन पोर्टवर सर्व्हर आणि बीएमसी दोघंही आहेत. आता घरून व्हीपीएनने (मिलच्या नेटवर्कात शिरायच्या सुरक्षित जोडणीने) त्याचं पान उघडत नाही. सर्व्हरवर एसएसएचने (दुरून कमांड द्यायच्या सोयीने) शिरून तिथून पिंग केलं, म्हणजे त्या पत्त्याला हाक दिली, तरी उत्तर नाही. मार्चमध्ये ब्रॉडबँडवाल्यांनी राउटर बदलून दिला, त्यानंतर सर्व्हर मात्र व्यवस्थित चालू आहे.

सर्व्हर बंद न करता बीएमसी जागं करता येतं का? धर्मकाटा दिवसा बंद ठेवता येणार नाही. आणि अगदीच अडलं तर राउटरवर बीएमसीचं पोर्ट बाहेर उघडून ठेवू का?

प्रतिसाद १

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: पोर्ट अजिबात उघडू नका. आयपीएमआय २.० मध्ये (बीएमसीशी बोलायचा हा प्रोटोकॉल) लॉगिन होण्याआधीच बीएमसी पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून काढलेला सांकेतिक ठसा) समोरच्याला देऊन टाकतं. हा दोष प्रोटोकॉलमध्येच आहे आणि २०१३ पासून जगजाहीर आहे. आयपीएमआयचं पोर्ट यूडीपी ६२३ इंटरनेटवर दिसलं की कोणीही तो हॅश घेऊन घरी बसून पासवर्ड फोडत राहील. तुमचं व्हीपीएन आहे ना, तेच ठेवा. पासवर्ड कंपनीहून आलेला असेल तर आजच बदला. आयपीएमआयमध्ये तो २० अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही.

आता पिंगचं. बीएमसी सामायिक पोर्टवर असलं की खुद्द त्याच सर्व्हरवरून ते बहुधा दिसत नाही, म्हणून ती चाचणी धरू नका. पिंग राउटरवरून किंवा काट्याच्या पीसीवरून करा.

बीएमसीशी बोलायला नेटवर्क लागतंच असं नाही. सर्व्हरच्या आतून रस्ता आहे. आयपीएमआय_एसआय आणि आयपीएमआय_डेवइंटीएफ ही लिनक्सची दोन मॉड्यूल (ड्रायव्हर) लोड करा, मग रूट (सर्वाधिकारी) होऊन "आयपीएमआयटूल लॅन प्रिंट १" चालवा. पासवर्ड लागत नाही. पत्ता काय दिसतो ते कळवा. मला नव्या राउटरचाच संशय येतोय.

तरीही अडलं तर "एमसी रिसेट कोल्ड". त्याने फक्त बीएमसी पुन्हा सुरू होतं, लिनक्स चालूच राहतं. पंखे मिनिटभर मोठ्याने फिरले तर काकांना घाबरू नका म्हणावं. सेल संपला म्हणून बीएमसीचा पत्ता जात नाही, तो त्याच्या स्वतःच्या फ्लॅशमध्ये असतो.

धागाकर्ता

भाऊ, मनापासून आभार. संशय खरा निघाला. नव्या राउटरचं नेटवर्क १९२.१६८.०.x आहे आणि बीएमसी अजून जुन्याच १९२.१६८.१.५० वर बसून होतं. सर्व्हरचा पत्ता मार्चमध्ये मीच बदलला, याचा राहून गेला. आतूनच नवा पत्ता आणि गेटवे दिला. रिसेट करावंच लागलं नाही, घरून पान उघडलं. पासवर्डही बदलला. इव्हेंट लॉगमध्ये व्हीबॅट (त्या सेलचा व्होल्टेज) कमी झाल्याच्या नोंदी एप्रिलपासून पडलेल्या आहेत. तेव्हाच दिसल्या असत्या तर मंगळवारची रात्र टळली असती. लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं म्हणून "चॅसिस पॉलिसी ऑलवेज-ऑन"ही करून ठेवलं.

एक गाडं अजून अडलंय. या बीएमसीचा स्क्रीन बघायचा कन्सोल जावावर चालतो आणि आजच्या ब्राउझरमध्ये तो उघडत नाही. सिरियल ओव्हर लॅन (सिरियल पोर्टवरचा मजकूर नेटवर्कवरून दाखवणारी सोय) लागलं, त्यावर लिनक्सचं लॉगिन येतं, पण बायोसचा पडदा येत नाही, म्हणजे एफ वनची वेळ आली तर मी पुन्हा आंधळाच. रविवारी बहीण वडिलांजवळ थांबणार आहे. तेव्हा जाऊन सेल बदलतो आणि बीएमसीच्या वेगळ्या पोर्टला वायर टाकतो. त्याच खेपेत बायोसमध्ये कन्सोल रीडायरेक्शन (बायोसचा पडदा सिरियल पोर्टवर पाठवणं) चालू करायचंय. तिथे कॉम १ आणि कॉम २ ही दोन्ही सिरियल पोर्ट दिसतात, हे मला आठवतंय. लिनक्समध्ये टीटीवायएस१ या सिरियल पोर्टवर, ११५२०० वेगाने लॉगिन येतंय, म्हणजे कॉम २ धरायचा ना? कोणी हे केलं असेल तर शनिवार रात्रीपर्यंत सांगा.